मापात पाप कोणाचे?

ब्राझीलमधले साओ पावलो आणि दक्षिण आफ्रिकेतले केप टाउन ही दोन्ही महानगरे गेल्या दशकात पाण्यासाठी जेरीस आली. धरणांच्या भेगाळलेल्या तळांची छायाचित्रे जगभर छापून आली आणि दोन्हीकडच्या चर्चेत हवामान बदलाचे नाव ओघानेच आले. दोन्ही शहरांच्या बाबतीत त्या नावाची शहानिशा करणाऱ्या गटात एक शास्त्रज्ञ समान होत्या, जर्मनीच्या फ्रीडरीके ओटो. त्यांची दोन उत्तरे मात्र अगदी निराळी निघाली.

साओ पावलोवरच्या २०१५ च्या शोधनिबंधाचे शीर्षकच निकाल सांगून टाकणारे आहे: टंचाईमागची मुख्य कारणे हवामान बदलाखेरीजची आहेत. पाऊस कमी झाला होता हे खरे, पण तसा तो पूर्वीही झाला होता. शहराची लोकसंख्या वीस वर्षांत वीस टक्क्यांनी वाढली आणि पाण्याचा वापर त्याहून जोरात वाढला. तीन वर्षांनी केप टाउनचा निबंध आला. तिथे २०१५ ते २०१७ असे लागोपाठ तीन पावसाळे कोरडे गेले होते, आणि माणसाने वाढवलेल्या तापमानामुळे अशा दुष्काळाची शक्यता सुमारे ३.३ पट झाली होती, असे गणित सांगत होते. प्रश्न एक, पद्धत तीच, एकीकडे ‘नाही’ आणि दुसरीकडे ‘होय’. ज्या शास्त्राला ‘नाही’ म्हणता येते, त्याच्या ‘होय’वर जरा जास्त विश्वास ठेवायला हरकत नसावी.

हे शास्त्र तसे तरुण आहे, आणि त्याच्या जन्मकथेत पुराचे पाणी आहे. जानेवारी २००३ मध्ये थेम्स नदी फुगली होती. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ माइल्स ॲलन यांच्या स्वयंपाकघराच्या दारापासून पाणी तीस सेंटीमीटरवर आले होते आणि हळूहळू चढत होते. रेडिओवर ब्रिटिश हवामान खात्याचा प्रतिनिधी सांगत होता की तापमानवाढीने असे पूर वाढू शकतील, पण या एका पुराचा दोष तिच्या माथी मारणे अशक्य आहे. ॲलन यांना हे ‘अशक्य’ खटकले. दाराशी पाणी असताना त्यांनी ‘नेचर’साठी टिपण लिहायला घेतले. त्यांचा प्रश्न वकिली थाटाचा होता: उद्या नुकसानभरपाई मागायची झाली, तर ती कोणाकडे आणि किती मागायची? पुढच्याच वर्षी पीटर स्टॉट, डाही स्टोन आणि ॲलन यांनी युरोपातल्या २००३ च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेचा हिशेब मांडला. अशा लाटेचा धोका माणसाच्या करणीने बहुधा दुपटीहून अधिक वाढला होता.

हा हिशेब करतात कसा? भाजीवाल्याच्या तराजूत खोट असल्याची शंका आली, तर एका किलोच्या कांद्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. त्या दिवशी वारा असेल, त्याचा हात हलला असेल. पण त्याच तराजूवर हजारदा कांदे तोलले, शेजारी खात्रीच्या तराजूवर हजारदा तोलले आणि ‘पावशेर कमी’ कुठे किती वेळा भरले ते मोजले, तर गोष्ट उघडी पडते. खात्रीच्या तराजूवर शंभरात एकदा आणि संशयिताच्या तराजूवर शंभरात तीनदा माल कमी भरला, की मापात पाप आहे हे तर कळतेच, ते किती पट आहे हेही कळते. आपल्या पिशवीतला नेमका हा किलो पापाचा की योगायोगाचा, हे मात्र कधीच कळत नाही. पृथ्वी एकच असल्यामुळे खात्रीचा तराजू संगणकात घडवावा लागतो. कारखान्यांच्या धुराड्यांआधीचे वातावरण असलेली पृथ्वी आणि आजची पृथ्वी, दोन्हींवर हजारो वर्षांचे हवामान चालवून पाहायचे. शिवाय प्रत्यक्षातल्या पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी हव्यातच, कारण संगणकातला तराजूही खोटा असू शकतो. म्हणूनच केप टाउनच्या ३.३ या आकड्याशेजारी १.४ ते ६.४ अशी मोकळी कबुली छापलेली आहे. बातम्यांमध्ये ती बहुधा गळून पडते.

आणखी एक गोष्ट गळून पडते. हा तराजू आभाळातून पडलेले पाणी तोलतो. नळाला आलेले पाणी त्याच्या पारड्यात नसतेच.

या शास्त्राची चर्चा निघाली की ॲलन आणि ओटो यांची नावे येतात. डच हवामानसंस्थेतल्या खेर्ट यान फान ओल्डनबर्ग यांचे नाव त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. मूळचे सैद्धांतिक भौतिकीचे हे गृहस्थ हवामानाकडे वळले आणि त्यांनी ‘क्लायमेट एक्सप्लोरर’ नावाचे एक साधे, दिसायला अगदीच अनाकर्षक संकेतस्थळ उभारले. त्यावर जगातल्या कुठल्याही केंद्राची पावसाची वा तापमानाची मालिका घ्यावी आणि तिच्यात कल आहे का ते स्वतःच तपासावे. ओटो यांच्यासह त्यांनी ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ हा गट घडवला. आपत्तीची बातमी शिळी होण्याआधी हिशेब लोकांसमोर ठेवायचा, हे त्याचे धोरण. घाईचे शास्त्र म्हणून समव्यवसायींनी नाके मुरडली, पण त्यांची पद्धत आधी तपासून घेतलेली असे आणि अंकगणित सगळ्यांसमोर उघडे असे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, साठी गाठण्याआधीच, फान ओल्डनबर्ग गेले.

भारताशी त्यांचे नाते विशेष होते, कारण इथे त्यांच्या पदरी दोनदा ‘नाही’ पडले. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, तेव्हा पॅरिसमध्ये हवामान परिषद चालू होती आणि निष्कर्ष जणू तयारच होता. त्यांच्या गटाला त्या पावसात तापमानवाढीचा माग सापडला नाही. बंगालच्या उपसागराचा तो भाग अपेक्षेइतका तापलाच नव्हता, आणि हवेतले प्रदूषणाचे कण त्याला कारणीभूत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. मे २०१६ मध्ये राजस्थानातल्या फलोदीत पारा ५१ अंशांवर गेला. तिथेही कमाल तापमानात स्पष्ट वाढीचा कल दिसेना. धूळ-धुराचे आच्छादन आणि वाढलेले सिंचन यांनी तो झाकला असावा. धुरके विरळ झाले तर दबलेली उष्णता वर येईल, हा त्यातला अस्वस्थ करणारा भाग. हवामान बदलाचे पुरावे हवे असणाऱ्यांना हे निकाल रुचले नसतील, पण शास्त्राची पत याच निकालांनी वाढवली.

आता पुन्हा केप टाउन, कारण तिथली गोष्ट आकड्यांपेक्षा रंगतदार आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पाण्याची मागणी आटोक्यात ठेवल्याबद्दल या शहराला जागतिक महानगरांच्या ‘सी-४०’ या संघटनेचा पुरस्कार मिळाला होता. गळती कमी, नियोजन चोख, वर्षभरापूर्वीच धरणे काठोकाठ. त्यानंतर दोन वर्षांत महापालिकेला ‘डे झीरो’ची तारीख जाहीर करावी लागली. धरणांतला साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरोघरचे नळ बंद, आणि सुमारे दोनशे केंद्रांवर रांगेत उभे राहून माणशी २५ लिटर. फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. लोक परातीत उभे राहून अंघोळ करू लागले आणि तेच पाणी संडासात ओतू लागले. मराठवाड्यातल्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही. केप टाउनच्या मध्यमवर्गाला मात्र वाटले, म्हणून जगाला कळले.

त्या धामधुमीत एका जुन्या वर्तमानपत्राचे कात्रण फिरू लागले. १९९० च्या एप्रिलमधल्या ‘केप टाइम्स’च्या त्या बातमीत शहराचे पाणी सतरा वर्षांत संपेल, असे भाकीत होते. मधल्या काळात बर्ग नदीवर नवे धरण झाले आणि शहराने काटकसरही शिकून घेतली, त्यामुळे भाकीत दहा-अकरा वर्षांनी चुकले. पण लोकसंख्या वाढत होती आणि जवळजवळ सारी भिस्त पावसाने भरणाऱ्या धरणांवर होती, हे तेव्हाही दिसत होते. हवामान बदलाने धक्का दिला खरा, पण शहर आधीच काठावर येऊन उभे होते.

‘डे झीरो’ शेवटी आलाच नाही. १२ एप्रिल, मग मे, मग जून, मग जुलै अशी तारीख पुढे सरकत राहिली आणि मार्चमध्ये त्या वर्षापुरती ती मोडीत निघाली. शहराचा रोजचा वापर तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातल्या सुमारे १२० कोटी लिटरवरून निम्म्याच्याही खाली आला. खोऱ्यातल्या फळबागायतदारांच्या एका संघाने आपल्या साठ्यातले १,००० कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडले. जूनमध्ये पाऊस आला. पुढे २०२३ मध्ये एलिसा सावेली आणि सहकाऱ्यांनी शहराच्या पाण्याची घरनिहाय वाटणी मांडली. वरच्या थरातली १४ टक्के लोकसंख्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के पाणी वापरत होती, आणि सर्वांत गरीब ६२ टक्के लोकांच्या वाट्याला २७ टक्के येत होते. पोहण्याचे तलाव आणि बागा हे त्यातले मोठे खाते. ३.३ हा आकडा जगभर गाजला, ५१ फारसा गाजला नाही.

आपल्याकडे आकडे गाजायला शास्त्र लागतेच असे नाही. जून २०१८ मध्ये नीती आयोगाच्या अहवालात एक वाक्य आले: दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबादसह २१ शहरांचे भूजल २०२० पर्यंत संपेल. पुढच्याच उन्हाळ्यात चेन्नईचे पूंडी, चोलावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव आटले, एकूण साठा एक टक्क्याच्याही खाली गेला, आणि ते वाक्य जगभर पोचले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या प्रतिनिधीने त्याचा उगम शोधायला घेतला, तर एका अहवालातून दुसऱ्याकडे बोट, दुसऱ्यातून तिसऱ्याकडे, आणि शेवटी पाया कुठेच नाही. २०२० आले आणि गेले. बोअरवेल खोल गेल्या, संपल्या नाहीत. अशा भाकितांचा तोटा असा की पुढच्या खऱ्या इशाऱ्यालाही लोक हसतात. चेन्नईचे खरे दुखणे त्या तलावांच्या नावांतच सापडते. २०१५ मध्ये ज्या चेंबरंबाक्कममधून सोडलेल्या पाण्याने शहरात हाहाकार उडाला, तोच तलाव चार वर्षांत कोरडा पडला. दोन्हीच्या मधले पाणी धरून ठेवणारी पल्लिकरणैची दलदल तोवर इमारती, रस्ते आणि कचऱ्याखाली मोठ्या प्रमाणात गेली होती.

आणि लातूर. २०१४ आणि २०१५, दोन्ही पावसाळ्यांनी दगा दिला. दुसऱ्या वर्षी एल निन्यो जोरात होता. मांजरा धरण मृतसाठ्याखाली गेले. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ आगगाडी आली. पुढे ती पन्नास वाघिणींची झाली आणि फेरीगणिक २५ लाख लिटर आणू लागली. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार होती. म्हणजे एका फेरीचे माणशी साडेसहा लिटर. केप टाउनच्या पन्नास लिटरांची हळहळ जगाने ऐकली होती, ती लक्षात ठेवून हा आकडा वाचावा.

यात हवामान बदलाचा वाटा किती? मराठवाड्याचा पाऊस मुळातच लहरी, त्यामुळे एखाद्या कोरड्या वर्षातून कल वेगळा काढणे कठीण. शिवाय इथे दोन शक्ती उलट दिशांना ओढतात. हरितगृह वायू मोसमी पावसाला बळ देतात आणि प्रदूषणाचे कण त्याला मारतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कणांची सरशी झाली, असे आयपीसीसीचा २०२१ चा अहवाल सांगतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांना मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढलेल्या दिसल्या. म्हणजे खंड पडणार आणि पडेल तेव्हा झोडपणार. लातूरने तेही लगेच पाहिले. जिथे एप्रिलमध्ये आगगाडीने पाणी आणले, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पूर आला आणि मांजरा भरले.

उसाचा वाटा काढायला मात्र संगणकातली दुसरी पृथ्वी लागत नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घालायला सांगितले होते. त्यानंतरही मांजराकाठी ऊस उभा राहिला, कारण हमखास भाव, हमखास गिऱ्हाईक आणि कारखान्याशी बांधलेले राजकारण दुसऱ्या कुठल्या पिकाला लाभले नाही. एकट्या शेतकऱ्याला यात दोष देऊन भागत नाही. तूर-सोयाबीनला तीच हमी असती, तर त्याने तेच लावले असते. कृषी मूल्य आयोगाच्या हिशेबाने महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे सुमारे दोन हजार लिटर पाणी जाते. त्या हिशेबाने जलदूतच्या पन्नास वाघिणींतले पाणी म्हणजे साडेबारा क्विंटल साखर, पन्नास किलोची पंचवीस पोती.