वऱ्हाडात समुद्रपुष्प: खारं पाणी म्हणजे समुद्र नव्हे

विषय जाहीर झाला तेव्हा बऱ्याच जणांनी आम्हाला गमतीनं विचारलं, अकोल्यात समुद्र कुठून आणणार? दर्यापूरकडच्या एका शेतकरी मित्राचा प्रश्न मात्र नेमका होता: "आमच्या बोअरचं पाणी खारंच हाये, मंग समुद्राचं मीठ कायले इकत घ्या लागते?" आज आपण याच प्रश्नाचं उत्तर शोधू.

पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा सर्वांना माहीत आहे. त्या पाण्यात मुख्यतः सोडियमचे क्षार असतात, आणि प्रमाण जागेनुसार, खोलीनुसार बदलतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात मॅग्नेशियम साधारण 1300 मिलिग्रॅम, कॅल्शियम 400 मिलिग्रॅम. विल्यम डिटमार यांनी जगभरच्या समुद्रांतले 77 नमुने तपासून 1884 मध्ये दाखवलं, की खारटपणा कमीजास्त झाला तरी या मुख्य घटकांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहतं. समुद्रपुष्प, म्हणजे अ‍ॅनिमोन, या प्रमाणाला सरावलेला प्राणी आहे. त्याला कवच नाही, मूत्रपिंड नाही. बाहेरचं पाणी जसं, तसाच त्याच्या अंगातला क्षार.

मग बाजारातलं खडा मीठ चालेल का? तेही समुद्राचंच ना? नाही चालत. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच तळाशी बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम बरंचसं उरलेल्या कडू पाण्यात राहतं. म्हणजे आपल्या हाती येतं ते समुद्रातलं फक्त सोडियम क्लोराइड. म्हणून मत्स्यालयासाठी तयार केलेलं मिश्रणच घ्यावं लागतं, आणि ते आरओच्या पाण्यात कालवावं लागतं. इथं एक खोच आहे. घरच्या आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते. ती बंद करा. टीडीएस शून्याच्या जवळ हवा. मिश्रण विरघळलं, की रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026 आलं पाहिजे.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज दोन बोटं खाली जायचं. आम्ही रोज खारं पाणी टाकून भरत राहिलो. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे शाळेत शिकलेलं. पण टाकीसमोर आठवलं नाही. मोजलं तेव्हा काटा 1.030 च्या पुढे. समुद्रपुष्प आक्रसलं, तोंड उघडं पडलं, दगड सोडून ते पंपाच्या जाळीत ओढलं गेलं. सकाळी पाणी दुधासारखं गढूळ होतं आणि दोन मासेही गेले होते. तेव्हापासून नियम एकच: आटलेल्या पाण्याची भरपाई गोड्या आरओच्या पाण्यानं, रोज थोडी थोडी. आणि पंपाच्या तोंडाला स्पंज.

दुसरा शत्रू म्हणजे आपलं ऊन. याला 25 ते 27 अंश मानवतात. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं; ते उजेडावर अन्न तयार करतं आणि यजमानाला देतं. पाणी 30 अंशांच्या वर बरेच दिवस राहिलं, तर हे शेवाळ निघून जातं आणि प्राणी पांढरा पडतो. दुकानात पांढराशुभ्र अ‍ॅनिमोन सुंदर दिसतो ना? तो उपाशी असतो, घेऊ नका. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा सोडला, की दोन-तीन अंश उतरतात. तत्त्व आपल्या कूलरचंच. पण खोलीच 38 अंशांवर असेल तर पंखा पुरत नाही, आणि पावसाळी दमट हवेत तर त्याचा उपयोग फारच थोडा. तेव्हा चिलर लागतो. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. टाकी निदान सहा महिने जुनी हवी. उजेड भरपूर. आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा बारीक तुकडा. माशांच्या औषधात तांबं असेल तर ते टाकीत नको, यांना ते विष आहे. सुरुवात बबल टिप जातीनं करा. ती टाकीत आपोआप दुभंगून वाढते, त्यामुळं कुणाच्या तरी घरी वाढलेली मिळू शकते. समुद्रातून ओरबाडलेली कशाला घ्यायची? सजावटीसाठी जिवंत पोवळं मात्र मागूच नका. 2001 पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

शेवटी एक गोष्ट. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी 1828 साली किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणलं. डॅलियेल 1851 मध्ये वारले, ते पुष्प मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जात 1887 पर्यंत जगलं. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजी म्हणत. विजेचा पंप नव्हता, चिलर नव्हता. पण पाणी समुद्राचं होतं आणि ते बदलणारा हात नियमित होता. तेव्हा आपल्याकडे वर्षभरात समुद्रपुष्प मेलं, तर ते म्हातारं होऊन मेलं असं आपण म्हणू शकत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच: आधी टाकी एक उन्हाळा काढू द्या. मे महिन्यात पाणी 27 अंशांवर आणि काटा 1.026 वर राहिला, तर पावसाळ्यानंतर समुद्रपुष्प आणा. नाही राहिला, तर पुढच्या वर्षी. आता प्रश्न विचारा.