सडबरीची दगडफुलं

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातलं सडबरी हे निकेल आणि तांब्याच्या खाणींचं शहर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे उघड्यावर लाकडांच्या राशी पेटवून खनिज भाजत. १९२९ मध्ये ते थांबलं, पण कारखान्यांचा गंधकी धूर सुरूच राहिला. जंगल तुटलं, माती वाहून गेली, खडक काळे पडले. जवळपास वीस हजार हेक्टर जमीन उजाड झाली.

१९६० च्या दशकात फॅबियस लब्लां आणि सहकाऱ्यांनी तिथल्या झाडांची खोडं तपासून प्रदूषणाचे पट्टे आखले. कारखान्यांजवळची खोडं लायकेनविना जवळपास कोरी होती. लायकेनला, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांना, मुळं नसतात आणि संरक्षक आवरणही नसतं. पाऊस आणि हवा जे आणतील ते सगळं ती शोषून घेतात. म्हणूनच गंधकी धुरातल्या सल्फर डायऑक्साइडचा तडाखा त्यांना आधी बसतो. जमिनीवर मात्र पोहलिया न्यूटन्स नावाचं मॉस तग धरून होतं. आम्ल आणि धातूंनी दूषित झालेल्या त्या मातीत दुसरं फारसं काही उगवत नव्हतं. पुढे झाडं आली तेव्हा सगळ्यांनी त्यांचे फोटो काढले. या चिमुकल्या मॉसचं कौतुक कुणी फारसं केलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

१९७२ मध्ये ३८१ मीटर उंचीची चिमणी सुरू झाली आणि धूर दूर जाऊ लागला. खरा फरक पडला तो पुढच्या दशकांत, कारखान्यांनी उत्सर्जनच नव्वद टक्क्यांहून जास्त घटवलं तेव्हा. १९७८ पासून उजाड टेकड्यांवर माणसांनी हातांनी चुनखडीची भुकटी पसरली, गवत पेरलं, रोपं लावली. २०२२ मध्ये लावलेल्या झाडांचा आकडा एक कोटीवर गेला.

चुन्यानं माती सुधारली. खोडांवर मात्र कुणी काही लावलं नव्हतं. १९९० च्या सुमारास लॉरेन्शियन विद्यापीठाच्या पीटर बेकेट यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा पूर्वीच्या कोऱ्या खोडांवर दगडफुलं परतली होती. हवा निवळली म्हणून ती आपणहून आली. माझ्या मते सडबरीच्या यशाची सगळ्यांत भरवशाची साक्ष हीच, कारण रोपांचा आकडा माणूस वाढवू शकतो, दगडफुलांचा नाही.

जंगलाच्या तळाचं काम मात्र रेंगाळलं आहे. लावलेल्या पाइनखाली जुन्या जंगलातली झुडपं आणि मॉसची गादी सहज येत नाही. म्हणून महामार्गाच्या रुंदीकरणात जाणारे जंगलजमिनीचे तुकडे मुळा-मातीसकट उचलून तिथे बसवले गेले. शिवाय वरच्या मातीत निकेल आणि तांबं आजही आहे.