शोपेनहाउअर : एका विरळ आडनावाची कुळकथा

पाश्चात्य तत्त्वज्ञानाशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांस आर्थर शोपेनहाउअर हे नाव अपरिचित असणार नाही. दारा शुकोहने १६५७ साली उपनिषदांचे फारसी भाषांतर सिद्ध करविले; त्यावरून आंकेतील द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने केलेले लॅटिन भाषांतर १८०१-०२ मध्ये प्रसिद्ध झाले; आणि तो ग्रंथ हाती पडल्यापासून हा जर्मन तत्त्वज्ञ उपनिषदांचा आजन्म भक्त बनला. आपल्या पाळीव कुत्र्याचे नावही त्याने ‘आत्मा’ असे ठेविले होते. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’त त्याच्या मतांचा परामर्श घेतलेला आहे. परंतु त्याच्या आडनावाचा अर्थ काय, ही पृच्छा सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात आम्हांस त्याच्या तत्त्वज्ञानाविषयी नव्हे, तर या आडनावाविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

जर्मन प्रदेशांत आडनावांची चाल सुमारे बाराव्या शतकापासून, प्रथम पश्चिमेकडील व दक्षिणेकडील शहरांत पडली. शहरे वाढली, एकाच नावाची अनेक माणसे एकाच वस्तीत नांदू लागली, आणि व्यवहारात घोटाळा टाळण्यासाठी दुसऱ्या नावाची गरज भासू लागली. हे दुसरे नाव कधी बापाच्या नावावरून, कधी मूळ गावावरून, कधी घराजवळच्या ओढ्या-टेकडीवरून, कधी अंगच्या एखाद्या लकबीवरून, तर कधी धंद्यावरून पडे. ‘म्यूलर’ म्हणजे पीठगिरणी चालविणारा, ‘श्मिट’ म्हणजे लोहार, ‘श्नायडर’ म्हणजे शिंपी, ‘वेबर’ म्हणजे विणकर. शोपेनहाउअर हे नावही याच शेवटच्या वर्गातले होय.

या नावाचे दोन अवयव आहेत. उत्तर जर्मनीच्या सखल प्रदेशात मध्ययुगात जी बोली प्रचारात होती, तिच्यात ‘शोपे’ म्हणजे द्रव पदार्थ उपसण्याचे वा वाढण्याचे दांड्याचे भांडे. आपल्या स्वयंपाकघरातील डाव किंवा ओगराळे डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे अर्थ ध्यानी येईल. ‘हाउअर’ म्हणजे तासणारा, तोडणारा. तेव्हा शोपेनहाउअर म्हणजे लाकूड तासून, कोरून डाव तयार करणारा कारागीर. त्या नावाची भावंडेही जर्मनीत आहेत. ‘मोलेनहाउअर’ हा लाकडी परात किंवा काथवट कोरणारा, ‘श्टाइनहाउअर’ हा पाथरवट, आणि ‘क्नोखेनहाउअर’, शब्दशः हाडे तोडणारा, हा खाटीक. इच्छाशक्ती हे विश्वाचे मूळ मानणाऱ्या तत्त्वज्ञाचा कोणी दूरचा पूर्वज असा लाकडी डाव कोरीत बसलेला असावा, हे चित्र मोठे मनोहर वाटते.

येथे एक धोका सांगणे अवश्य आहे. आजच्या प्रमाण जर्मन भाषेवरून या नावाचा अर्थ लावू गेल्यास मनुष्य फसण्याचाच संभव अधिक. ‘शोपेन’ हा मद्याच्या मापाचा वाचक शब्द प्रचारात आहे, आणि कानाला त्याचाच भास होतो. वस्तुतः ‘शोपे’चा सगा म्हणजे प्रमाण जर्मनमधील ‘श्योप्फेन’ अर्थात उपसणे हे क्रियापद. उत्तरेच्या बोलीत जेथे ‘प’ टिकून राहिला, तेथे दक्षिणेकडील भाषेत बहुधा ‘प्फ’ झाला. उत्तरेचे ‘आपेल’ म्हणजे सफरचंद, ते प्रमाण भाषेत ‘आप्फेल’ होते. आडनाव मात्र जुन्या उच्चारातच गोठून राहिले. तात्पर्य, आडनावाचा अर्थ शोधावयाचा तो ज्या काळी व ज्या बोलीत ते पडले त्या काळाच्या व त्या बोलीच्या आधारे. आजच्या कानाच्या आधारे नव्हे.

आता हे नाव इतके विरळ का? म्यूलर हे जर्मनीतील सर्वांत अधिक प्रचलित आडनाव आहे; शोपेनहाउअर आडनावाची कुटुंबे मात्र शोधूनच काढावी लागतील. याची पहिली दोन कारणे उघड आहेत. गिरणी बहुतेक प्रत्येक पंचक्रोशीत लागे. निव्वळ डाव कोरून पोट भरणारा कारागीर मोजक्याच ठिकाणी असे. शिवाय हा शब्द एकाच बोलीचा. सोळाव्या शतकापासून उत्तरेकडील नगरांच्या दप्तरांत प्रमाण जर्मनचा शिरकाव झाला, ती बोली लेखनातून मागे पडली, आणि नवी नावे पाडण्याचे तिचे सामर्थ्य संपले.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७३ साली एका शिक्षणविषयक नियतकालिकात असा प्रश्न घातला होता की, आडनाव केवळ पुत्रपरंपरेने चालत असेल, तर कालांतराने किती आडनावे लोपतील? वॉटसन नामक गणिती धर्मोपदेशकाने त्यावर विचार केला, आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेल्या गणिताचे मर्म असे की, कोणाचाही दोष नसता, निव्वळ योगायोगाने कित्येक नावे नाहीशी होतात. आणि मुळात थोड्या घरांत असलेल्या नावाला हा धोका सर्वांत अधिक.

शोपेनहाउअर घराण्याचेच उदाहरण पाहावे. हे डान्झिग बंदरातील सधन व्यापारी. १७९३ मध्ये प्रशियाने ते स्वतंत्र नगर घशात घातले, तेव्हा आर्थरचा पिता कुटुंबासह हांबुर्गला निघून गेला. आर्थर अविवाहित राहिला. त्याची बहीण आडेले हीही अविवाहितच १८४९ मध्ये वारली. १८६० साली आर्थरच्या मृत्यूबरोबर ही शाखा खुंटली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर डान्झिगची जर्मन वस्तीच उठली आणि ते नगर ग्दान्स्क या नावाने पोलंडमध्ये गेले.

नावाचा प्रसार आणि नावाची प्रसिद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथे दिसून येते. १८३० च्या सुमारास शोपेनहाउअर म्हटले की जर्मन वाचकांस आठवे ती आर्थरची आई योहान्ना. ती नामांकित लेखिका होती, आणि १८३०-३१ मध्ये तिचे समग्र वाङ्मय २४ खंडांत निघाले. मुलाचा मुख्य ग्रंथ १८१९ सालचा. तो कित्येक वर्षे जवळजवळ न विकता पडून होता. १८५१ नंतर मात्र पारडे फिरले. मोजक्या घरांचे ते नाव जगभर झाले. ते धारण करणारांची संख्या मात्र त्यामुळे वाढली नाही.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी घराण्यांकडे पाहावे. वाकनीस हा ‘वाकणे’ या क्रियापदापासून झालेला शब्द नव्हे. वाका म्हणजे घडलेली हकीकत, ती लिहिणारा तो वाकनीस. पारसनीसाचा पारशी समाजाशी संबंध नाही. फारसी पत्रव्यवहार पाहणारा तो पारसनीस. दरबारे गेली, दप्तरे मिटली, पण पदे आडनावांत राहिली. सुतार, तांबट, पोतदार यांतील किती जण आज त्या धंद्यात आहेत? धंदा जातो, बोली जाते, आणि त्यांची साक्ष देण्यास नाव तेवढे मागे राहते.

शिक्षकांनी हे ध्यानी घ्यावे, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते. हजेरी घेताना एखाद्या मुलाचे आडनाव उच्चारताच वर्गात हशा पिकतो, आणि ते मूल मान खाली घालते, हा प्रकार आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. पुढे त्यांतील काहींचे नाव बदलण्याचे अर्जही येतात. ज्या नावाला जातीय अवहेलनेचा डंख आहे, ते टाकण्याचा अधिकार त्या कुटुंबाचा आहे; त्याविषयी इतरांनी बोलू नये. परंतु केवळ अर्थ न कळल्यामुळे जेथे हसे होते, तेथे अर्थ सांगणे हे आपले काम आहे. त्याचबरोबर भारदस्त पदाचे नाव लाभलेल्या मुलासही हे कळावे की, पद पूर्वजांचे होते, त्याचे नव्हे.

आर्थर शोपेनहाउअर अत्यंत मानी होता. आपल्या थडग्यावर जन्ममृत्यूची साले नकोत, पदवी नको, स्तुतीचा एक शब्दही नको, केवळ नाव असावे, अशी त्याची इच्छा होती. फ्रांकफुर्ट येथील त्या शिळेवर आजही तेवढेच कोरलेले आहे. आयुष्यभराच्या विचारधनाची खूण म्हणून त्याला पुरेसे वाटले ते एका डाव कोरणाऱ्याचे आडनाव.