जुनी जीप : आधी दुरुस्ती, मग हौस

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी सैन्यासाठी सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. त्याच रचनेच्या गाड्यांची जोडणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत सुरू केली आणि पुढे सरकारी दौऱ्यांपासून साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यापर्यंत आणि वडाप म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीपर्यंत अनेक कामांसाठी ही गाडी महाराष्ट्रात वावरत राहिली. एमएम ५४०, एमएम ५५०, कमांडर, क्लासिक ही तिचीच पुढची भावंडे होत. यांतल्या बऱ्याच गाड्या आता हौशी लोकांच्या अंगणात आहेत, आणि सुटीच्या दिवशी त्यांच्याखाली पाना घेऊन शिरणारा वर्गही तयार झाला आहे.

या गाडीची दुरुस्ती घरी करता येते याचे कारण तिच्या रचनेत आहे. शिडीच्या आकाराची स्वतंत्र चासी, तिच्याखाली पाट्यांवर टेकलेले दोन अखंड ॲक्सल, आणि गिअर बॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ओढ पुढच्या चाकांकडेही वळवणारी आणि चढासाठी ‘लो’ गिअर देणारी पेटी, एवढाच तिचा मुख्य संसार असतो. संगणक, सेन्सर वगैरे काही नसल्यामुळे बहुतेक दोष डोळ्यांना दिसतात, कानांना ऐकू येतात किंवा हाताला जाणवतात. सुटे भागही अद्याप दुर्मिळ झालेले नाहीत. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा उघड्या जीपसाठी प्रसिद्ध असलेल्या हरियाणातील मंडी डबवाली येथे ते शोधणाऱ्यास सापडतात.

गाडीखाली शिरण्यापूर्वी मात्र या कुळाची दोन वैशिष्ट्ये ठाऊक असणे आवश्यक आहे. पहिले म्हणजे विलीज रचनेच्या अनेक गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर बसवलेला असतो. परिणामी हँडब्रेक ओढून मागचे एकच चाक जॅकने उचलले, की डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना, आपले काम करू लागते आणि उचललेले चाक उलटे फिरत असताना जमिनीवरचे चाक पुढे सरकू शकते. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी हा धोका टळत नाही, कारण इंजिनाचा अटकावही त्याच शाफ्टमधून येतो. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम दगड किंवा ओंडके लावणे आणि नुसत्या जॅकवर विसंबून न राहता चासीखाली घोडी ठेवणे याला पर्याय नाही. दुसरे वैशिष्ट्य तुलनेने किरकोळ, पण हौशी माणसाला घाम फोडणारे आहे : यांतल्या अनेक गाड्यांत डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, आणि हे माहीत नसलेला माणूस नट सैल करतो आहे अशा समजुतीने तो अधिकाधिक आवळत जाऊन शेवटी बोल्ट तोडतो.

दुरुस्तीचा आरंभ ब्रेकपासून व्हावा. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि सुरुवातीच्या अनेक गाड्यांत मास्टर सिलिंडर, म्हणजे पायाचा दाब तेलावाटे चाकांपर्यंत पोहोचवणारा पंप, एकाच मार्गाचा असतो. त्यामुळे एका चाकाचा सिलिंडर गळू लागला किंवा एक नळी गंजून फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवून घेणे ही या गाडीतली सर्वांत मोलाची सुधारणा म्हणावी लागेल, जरी ती छायाचित्रात दिसत नसली तरी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते हेही लक्षात ठेवावे लागते : डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये अशा तेलाची वाफ झाली, की पॅडल पायाखाली पोकळ होते.

त्यानंतर पुढचा ॲक्सल. ठरावीक वेगाला किंवा खड्ड्यात चाक आदळताच स्टिअरिंग जोराने थरथरू लागणे ही जुन्या जीपची नेहमीची तक्रार असून तिचे मूळ बहुधा किंग पिनमध्ये, म्हणजे चाक ज्या खुंटीभोवती डावी-उजवीकडे वळते तिच्या बेअरिंगमध्ये, किंवा टाय रॉडच्या टोकांत सापडते. तपासणी घरी सहज होते. पुढचे चाक उचलून, घोडी लावून, ते वर आणि खाली धरून हलवावे. ‘प्ले’, म्हणजे मोकळी हालचाल, जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आणि तशीच राहिली तर किंग पिनचा, असा निष्कर्ष काढता येतो. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर टाय रॉड आणि स्टिअरिंग बॉक्सची ढिलाई कळते. किंग पिनच्या टोपीखाली शिम नावाच्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्या कमी केल्या की बेअरिंगवरचा ताण वाढतो. हे काम संयमाचे आहे आणि चकती एकेक करूनच काढायची असते. याऐवजी स्टिअरिंग डँपर लावून थरथर दाबून टाकण्याची पद्धत बोकाळली आहे, ती दुखणे झाकणारी आहे.

इंजिनाच्या बाबतीत घरच्या कामाची हद्द ओळखणे हेच शहाणपण. प्युजोच्या परवान्याने आलेले २११२ घनसेंमीचे डिझेल इंजिन या गाड्यांत बरेच आढळते. त्याचे फिल्टर बदलणे, फिल्टर बदलल्यावर हातपंप मारून डिझेलच्या नळीतील हवा काढणे, सकाळी सुरू होण्यास त्रास देत असेल तर हीटर प्लग एकेक करून मल्टिमीटरने तपासणे ही कामे कोणीही शिकू शकतो; इंजेक्शन पंपाचे कॅलिब्रेशन मात्र पंप रूमचेच काम आहे. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला गॅरेजात सर्रास मिळतो. तो मानू नये, कारण थर्मोस्टॅट ही इंजिन योग्य तापमानाला येईपर्यंत पाण्याचा प्रवाह रोखणारी झडप असून ती नसेल तर डिझेल इंजिन थंडच चालत राहते, धूर वाढतो आणि झीजही वाढते. तापण्याचे खरे कारण बहुधा विहिरीच्या जड पाण्यातील क्षारांनी बुजलेला रेडिएटर हे असते.

ओढे ओलांडणाऱ्या गाडीसाठी सर्वांत स्वस्त सुधारणा ब्रीदरची आहे. ॲक्सलच्या हाउजिंगवर हवा जाण्या-येण्यासाठी एक छोटी तोटी असते. चालून तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला, की आतली हवा आकसते आणि तोटी बुजलेली असल्यास सीलमधून, उघडी असल्यास तोटीतूनच, पाणी आत ओढले जाते. अशा हाउजिंगचा बोल्ट उघडल्यावर काळसर तेलाऐवजी दूध जास्त झालेल्या चहासारखा द्रव बाहेर येतो, आणि त्यावर चाललेली क्राउन-पिनियन व बेअरिंग फार दिवस टिकत नाहीत. तोटीला रबरी नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंचावर नेणे एवढाच यावर उपाय आहे.

विजेच्या कामात रिलेचे महत्त्व मोठे. ६० वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर मिळून १० अँपिअर प्रवाह घेतात आणि तो सगळा जुन्या स्विचमधून व तितक्याच जुन्या तारेतून गेल्यास दिव्यांपर्यंत पुरता दाब पोहोचत नाही. रिले, म्हणजे छोट्या प्रवाहावर चालणारा मोठ्या प्रवाहाचा स्विच, बसवला तर दिव्यांना बॅटरीतून थेट, फ्यूजमार्गे, वीज मिळते आणि मूळ बल्बच उजळतात. जादा वॉटचे बल्ब लावून तारा वितळवण्यात अर्थ नाही.

रंग, सीट आणि ताडपत्री यांविषयी ज्याची त्याची आवड. टायर आणि उंची यांबाबत मात्र आवडीपेक्षा गणित महत्त्वाचे ठरते. २८ इंच व्यासाच्या जागी ३१ इंचांचे टायर लावले, की प्रत्येक फेरीत गाडी सुमारे ११ टक्के जास्त अंतर कापते. त्यामुळे स्पीडोमीटर ६० दाखवत असताना खरा वेग ६६ असतो, चढावर इंजिन तेवढेच कमी पडते, आणि ब्रेकना मोठे चाक थांबवावे लागते. असे टायर बसावेत म्हणून लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या, लावून गाडी उंचावली, तर किंग पिनचा कोन, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन आणि ब्रेकच्या रबरी नळ्यांची लांबी हे सारे बिघडते. एक बदल असा पाच बदल मागतो, आणि ते पाच न करता पहिला करणारेच जास्त आढळतात.

कायद्याची बाजूही याच दिशेने झुकलेली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बदलासाठी मालकास प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. लोखंडी क्रॅश गार्डवरही केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करण्यास सांगितले होते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतन करावी लागते, त्या वेळी आरटीओतील निरीक्षक ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग पाहतो. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. मात्र तिची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यासाठी अट आहे.