मानेसरच्या मोटारीतला कोळसा

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातल्या कारखान्यांना १ जानेवारी २०२३पासून कोळसा जाळायला बंदी आहे. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या या आदेशात मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं गुरुग्रामजवळचं मानेसरही आलं. बॉयलर आणि भट्ट्या आता नैसर्गिक वायूसारख्या मान्य इंधनांवरच चालवायच्या. निर्णय रास्तच होता. छोट्या कारखान्याच्या बुटक्या धुराड्यातला धूर थेट शेजारच्या वस्तीत उतरतो.

औष्णिक वीजकेंद्रं मात्र बंदीतून वगळली. शेजारच्या झज्जर जिल्ह्यातच अशी दोन मोठी केंद्रं आहेत, १५०० आणि १३२० मेगावॉटची. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच. म्हणजे भट्टीतला कोळसा गेला, तरी कारखान्याच्या विजेतला उरतोच.

शिवाय मोटारीचा पोलादी पत्रा. त्यासाठीचं लोखंड बहुतेक कोक वापरूनच बनतं. हवाबंद भट्टीत विशिष्ट जातीचा कोळसा भाजला की कोक मिळतो. झोतभट्टीत तो उष्णता देतो, लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेतो आणि वरच्या खनिजाचा भार पेलत वायूला वाटही ठेवतो. हे तिसरं काम दुसऱ्या इंधनाला सहज जमत नाही. आपल्या कोळशात राख फार, म्हणून कोकचा बराचसा कोळसा ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून येतो.

जगात २०२४मध्ये सुमारे ९ अब्ज टन कोळसा निघाला, त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये. भारताने २०२४-२५मध्ये १ अब्ज टनांचा टप्पा ओलांडला. सर्वांत मोठे साठे अमेरिकेत आहेत. आजच्या वेगाने उपसा केला तरी जगाचे साठे शंभर वर्षांहून अधिक पुरतील. कोळसा संपेल आणि प्रश्न सुटेल, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

म्हणून धूर कुणाच्या वाट्याला येतो, हे विचारायलाच हवं. चंद्रपूरला शहरालगत खाणी आहेत आणि २९२० मेगावॉटचं केंद्रही. त्याची वीज राज्यभर जाते, राख तिथेच राहते. जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारने वीजकेंद्रांच्या धुरातला गंधक काढणाऱ्या यंत्रणेचे नियम बदलले. राजधानी क्षेत्र आणि दहा लाखांवरच्या शहरांच्या १० किलोमीटर परिघातल्या केंद्रांना डिसेंबर २०२७ची मुदत मिळाली. चंद्रपूरसारख्या प्रदूषित शहरांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणानुसार व्हायचा आहे. चंद्रपूरकर १९८०च्या दशकापासून हा धूर सोसत आहेत. मुदतीची तारीख त्यांनाही मिळायला हवी, आणि ती मागण्यात नागपूर-मुंबईने त्यांच्या बरोबरीने उभं राहायला हवं.