गाडी पळते हो, पण थांबते का?

२०२२ चा दसरा. दारात पांढरी गाडी उभी होती. सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, मी हळदीकुंकू वाहिलं, लेकीनं बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. वर्ध्यातल्या आमच्या गल्लीत चारचाकी येणं ही काही नवलाई राहिलेली नाही. पण आमच्यासाठी ती गाडी म्हणजे माझी नऊ वर्षांची भिशी, शिवणकामाचे पैसे आणि यांच्या पगारातली उरलीसुरली शिल्लक होती. गाडी नवी नव्हती. २०११ चं मॉडेल, किंमत एक लाख ऐंशी हजार आणि आम्ही तिचे तिसरे मालक.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. दर महिन्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं. पावसाळ्यात स्कुटीवर त्यांना बसवून नेताना माझा जीव मुठीत असायचा. म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. विकणारा दलाल गोड बोलायचा. “वहिनी, डोळे झाकून घ्या. डॉक्टरची गाडी हाय, घरातच उभी राहात होती.” यांनी कागद पाहिले. मी सीटकव्हर पाहिले, एसी लावून पाहिला. लेकीनं गाणी लावून पाहिली. झालं! टोकन दिलं आणि आठवड्याभरात गाडी घरी आली.

आठच दिवसांनी संकष्टी होती. म्हटलं, केळझरच्या गणपतीला जाऊन येऊ. जाताना सगळं छान झालं. परतताना सेलूच्या जवळ अंधार पडत आला होता. समोर सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली होती. यांनी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खालीच गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कुठे थोडा ब्रेक लागला. तेवढ्यात यांनी गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉली आणि आमच्यामध्ये जेमतेम हातभर जागा होती. लेकीचं कपाळ पुढच्या सीटवर आदळून टेंगूळ आलं. मागच्या सीटला पट्टा होता, पण त्याचं कुलूप त्या सुंदर सीटकव्हरखाली दडपून गेलं होतं. मी ज्या कव्हरवर भाळले होते, त्याच कव्हरखाली!

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला दाखवलं. त्यानं झाकण उघडलं आणि म्हणाला, “ताई, देवाची कृपा समजा. हे ब्रेक ऑइल पाहा, चहाच्या चोथ्यासारखं झालं. किती वर्षं बदललंच नाही कोणं.” मग एकेक गोष्ट बाहेर आली. मास्टर सिलिंडरचं रबर झिजलेलं. स्टिअरिंगचा टाय रॉड ढिला. पुढचा एक टायर २०१३ सालचा. आणि बोनेटच्या आत समोरच्या पत्र्याला वेल्डिंग करून वरून पुट्टी भरलेली. म्हणजे डॉक्टरची गाडी कुठेतरी चांगलीच धडकून आली होती.

दलालाला फोन केला. तो म्हणाला, “सेकंडहँड गाडीले कुठं गॅरंटी असते ताई? तुम्हीच त चालवून पाहिली.”

यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, “जाऊ दे. चार लोकांना कळलं तर हसतील.”

मैत्रिणींनो, मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. दोष गाडीत होता, लपवला दलालानं आणि लाज वाटत होती आम्हाला! नंतर भिशीच्या बायकांमध्ये विषय काढला, तर प्रत्येकीकडे अशीच एक गोष्ट निघाली. कुणाच्या गाडीतून धूर, कुणाचं दार चालत्या गाडीत उघडलेलं, कुणाच्या गाडीचं मीटर मागे फिरवलेलं. तक्रार मात्र एकीच्याही घरून गेलेली नव्हती. सासूबाई तेव्हा बोलल्या ते अजून आठवतं, “बाप्पा, पोरगी द्याची त माणूस दहा घरं विचारते, अन् गाडी घ्याची त नुसता रंग पाह्यला!”

खरंच आहे. वांगी घेताना देठ पाहणाऱ्या, साडी घेताना उलट बाजू पाहणाऱ्या आपण, गाडी म्हटली की पुरुषांचा विषय म्हणून मागे सरतो. पण त्या गाडीत मागच्या सीटवर आपणच बसतो, मांडीवर लेकरू घेऊन. तेव्हा विचारायचा हक्कही आपलाच.

कुणी तपासतच नाही

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. घरगुती वापराच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून, तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. त्याआधी घरगुती गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग नेमानं तपासायला कुणीच येत नाही. पीयूसी काढतो तेव्हा फक्त धूर तपासला जातो. म्हणजे दहा-बारा वर्षांची गाडी तीन हात फिरली, तरी ती नीट थांबते का हे एकदाही कुणी पाहिलेलं नसतं. मग ते आपणच पाहायला हवं.

ब्रेक ऑइलचं सोपं आहे. पावसाळ्यात मिठाला जसं पाणी सुटतं, तसं हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ब्रेक सारखे दाबून तापले की त्या ओलीची वाफ होते आणि पाय खाली जातो. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. खर्चही फार नाही.

टायरचं तर आणखी सोपं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असेल तर टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. वरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर तो टायर रस्त्यावर चालवणं नियमातच बसत नाही. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्यात आता येळाकेळीहून चढलं की समृद्धी महामार्ग, १२० चा वेग! डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा रस्ता सुरू झाला. पुढच्या वर्षी अपघात वाढले तेव्हा आरटीओला तिथे गाड्यांचे टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. गावात चाळीसच्या वेगानं दहा वर्षं चाललेला टायर तिथे दगा देऊ शकतो.

एअरबॅग आहे का?

आज बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या गाड्या बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या असतात. त्या काळाची एक गोष्ट सांगते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या होत्या. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. एअरबॅग नसलेल्या या साध्या मॉडेलना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकही तारा मिळाला नाही. पोलोला दोन एअरबॅग बसवून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा चार तारे मिळाले.

आपल्याकडे ड्रायव्हरसमोरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठीची तर त्याहून नंतर. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएसची सोय एप्रिल २०१९ पासून सक्तीची. त्याआधीच्या गाडीत या गोष्टी असतीलच असं नाही. ‘गाडी चकाचक आहे’ यावर जाऊ नका, ‘एअरबॅग किती, एबीएस आहे का’ हे विचारा. आणि असलेले पट्टे तरी सीटकव्हरखालून बाहेर काढा. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक आहे.

पत्र जुन्या मालकाच्या दारात

काही वेळा दोष गाडीच्या बनावटीतच असतो. मग कंपनी त्या काळात बनवलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावते आणि तो भाग फुकट बदलून देते. याला रिकॉल म्हणतात. सगळ्यात मोठं उदाहरण जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं. या एअरबॅग फुगवणारं रसायन उष्णता आणि दमटपणानं खराब होत जायचं. मग अपघातात एअरबॅग उघडताना आतला धातूचा डबाच फुटायचा आणि त्याचे तुकडे समोरच्या माणसाला लागायचे. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भारतात होंडानं सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड या गाड्यांसाठी अनेक वेळा अशी मोहीम काढली.

आता गोम पाहा. रिकॉलचं पत्र कंपनीकडे ज्याचं नाव-पत्ता असतो, त्याच्याकडे जातं. गाडी तोवर तिसऱ्याच्या दारात पोचलेली असते. पत्र नागपुरात आणि गाडी पुलगावात! म्हणून जुनी गाडी घेतली की दोन कामं लगेच करा. आरसीवर आपलं नाव चढवून घ्या. आणि आरसीवरचा चासी नंबर घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, या गाडीचं रिकॉलचं काही काम बाकी आहे का? बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर हा नंबर टाकूनही कळतं. माझ्या जावेनं असंच विचारलं तर तिच्या गाडीचं एक काम चार वर्षांपासून बाकी निघालं. एक पैसा न देता झालं.

एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारचा नियमही आहे. एकाच दोषाच्या पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, दंडही करू शकतं. पण हा नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहे. त्याहून जुनी गाडी घेणारीनं स्वतःच जास्त जागरूक राहायचं.

तक्रार करायची ती कागदावर

आमचं पुढे काय झालं ते सांगते. दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीकडून सगळ्या दोषांची आणि खर्चाची यादी सहीनिशी लिहून घेतली. झिजलेले सुटे भाग फेकू दिले नाहीत, फोटो काढले. गाडीची जाहिरात आणि दलालाचे मेसेज जपून ठेवले. त्यात ‘नॉन अॅक्सिडेंटल’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मग साध्या मराठीत एक नोटीस लिहिली आणि रजिस्टर पोस्टानं पाठवली. पंधरा दिवसांत दुरुस्तीचा खर्च द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जाऊ, असं त्यात लिहिलं. बाराव्या दिवशी तोच गोड आवाज फोनवर आला. वीस हजार खर्च आला होता, त्यातले अकरा हजार त्यानं परत केले. पूर्ण मिळाले नाहीत, पण ‘जाऊ दे’ म्हटलं असतं तर एक रुपयाही मिळाला नसता.

त्यानं दिले नसते तर मी वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी लागत नाही, वकील करायचीही सक्ती नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सल्ला हवा असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. एक लक्षात ठेवा, हा कायदा व्यवसाय म्हणून गाड्या विकणाऱ्यांसाठी आहे. ओळखीतल्या घरगुती माणसाकडून गाडी घेतली तर तो सहसा लागू होत नाही. तिथे आधीची तपासणी हाच आधार. आणि एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. आम्ही गाडी घेतली तेव्हा हा नियम नव्हता. तुम्ही मात्र ते आधी दाखवायला सांगा.

टोकन देण्याआधी

• दलालाचा नाही, आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. त्याला चार-पाचशे रुपये द्यावे लागले तरी द्या.

• इंजिन सुरू करून ब्रेकवर पाय दाबून ठेवा. पाय हळूहळू खाली जात राहिला तर गाडी नको.

• मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून पाहा. गाडी एका बाजूला ओढते का? चढावर हँडब्रेक धरतो का?

• मीटर कमी दाखवतं, पण पायाखालचं रबर गुळगुळीत झालंय? मग मीटरवर विश्वास ठेवू नका.

• चारही टायर आणि स्टेपनीचे आकडे स्वतः वाचा.

• मॅट उचलून वास घ्या. कुबट वास आणि गंज म्हणजे गाडी पाण्यात राहिलेली असू शकते.

• गॅस किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवीच. स्वयंपाकाच्या सिलिंडरवर चालणाऱ्या गाडीत, मुलांच्या व्हॅनमध्ये तर मुळीच, पाऊल ठेवू नका.

• विकणारा जे तोंडानं सांगतो ते कागदावर लिहून मागा. लिहून द्यायला कचरला तर समजून घ्या.

आणि चालत्या गाडीत ब्रेक गेलाच, तर घाबरून गाडी बंद करू नका. ब्रेक भराभर दाबत राहा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक झटक्यानं नाही तर हळूहळू ओढा, हॉर्न वाजवत कडेला घ्या. हे गाडी चालवणाऱ्याबरोबर शेजारी बसणारीलाही माहीत हवं.

आमची पांढरी गाडी अजून आहे. आता दर दिवाळीत घराच्या साफसफाईबरोबर तिचीही तपासणी होते, आणि तारखा मी माझ्या किराण्याच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवते. परवा शेजारच्या वहिनी सांगत आल्या, “आम्ही गाडी पाहून आलो. काय मस्त पळते!” मी म्हटलं, “पळते हो, पण थांबते का?” त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “उद्या येता का संग, तुमच्या मिस्त्रीले घेऊन?”

जाणार आहे मी. वहीसकट.