लांबचा विमानप्रवास : पाय सांभाळा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली, की आई-वडिलांच्या तिकडे फेऱ्या सुरू होतात. पासपोर्ट, व्हिसा, लोणची, मसाले अशी सगळी तयारी होते. पायांचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. थेट जाणाऱ्या विमानाला १५ ते १६ तास लागतात. सातारकरांनी त्यात मुंबईपर्यंतचे पाच-सहा तास आणि विमानतळावरचे तीन तास मिळवले, तर घर सोडल्यापासून पूर्ण दिवस होतो. यातील बहुतेक वेळ माणूस बसून असतो. शरीराच्या दृष्टीने किलोमीटरपेक्षा हे बसण्याचे तास महत्त्वाचे.

असे का? पायांतील रक्त हृदयाकडे वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते आवळतात आणि रक्त वर ढकलले जाते. तासन्‌तास गुडघे दुमडून बसल्यास हा पंप थांबतो, रक्त साचते आणि खोलवरच्या शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तो सुमारे सहा हजारांत एक इतकाच असतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. आणि हा धोका केवळ विमानाचा नव्हे. रात्रभराच्या बसमध्येही तो असतो.

मात्र पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतेच मोठे ऑपरेशन झालेल्यांनी, कर्करोगाच्या रुग्णांनी, गरोदर स्त्रियांनी, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी व फार स्थूल व्यक्तींनी प्रवासापूर्वी डॉक्टरांना जरूर भेटावे. गुडघ्यापर्यंतचे घट्ट वैद्यकीय मोजे त्यांच्या सल्ल्यानेच, योग्य मापाचे घ्यावेत. अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नये.

इतरांनी साध्या गोष्टी पाळाव्यात. शक्य तर कडेची, येण्या-जाण्याच्या वाटेजवळची जागा मागावी. तास-दोन तासांनी उठून फेरी मारावी. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात. पायाशी पिशवी ठेवून जागा अडवू नये. विमानातील हवा फार कोरडी असते, म्हणून घोट घोट पाणी पीत राहावे. लघवीला उठावे लागेल म्हणून पाणी टाळू नये. तेवढेच चालणे होते. मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

मधुमेहींसाठी आणखी एक गोष्ट. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. म्हणजे जाताना दिवस तेवढा लांबतो. इन्सुलिनच्या वेळा व मात्रा डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्याव्यात. औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत.

पोहोचल्यावर काही आठवड्यांपर्यंत एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा गरम लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून तेल चोळत बसू नये; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तडक रुग्णालय गाठावे. परदेशातील खर्चाच्या धास्तीने आई-वडील दुखणे लपवतात, म्हणून प्रवासाचा विमा आधीच उतरवावा आणि मुलांनाही ही लक्षणे सांगून ठेवावीत.